इस्तंबूलची लावणी

इस्तंबूलहून लंडनला निघालेल्या विमानात अगदी मागची जागा मिळाली तर कुरकुर करू नये. तिथून सगळ्यांची डोकी दिसतात. मी मोजली. एकोणीस डोकी अशी होती की भोवती काळा पट्टा, मागची बाजू मुंग्या डसल्यासारखी लालबुंद, आणि वर उघड्या मैदानावर लाल ठिपक्यांची दाट रांगोळी. गळ्यात घोड्याच्या नालेसारखी उशी अडकवून हे एकोणीस पुरुष देवळातल्या मूर्तीसारखे ताठ बसले होते. कोणी मान मागे टेकत नव्हतं, कोणी वाकून पायाशी ठेवलेली पिशवी चाचपत नव्हतं. मधूनच एकजण खिशातून छोटी बाटली काढायचा आणि स्वतःच्याच डोक्यावर मिठाच्या पाण्याचे दोन फवारे मारायचा. त्याचं बघून दुसरा, मग तिसरा. नाशिककडे द्राक्षबागांत सकाळी फवारणी सुरू झाली की एका बागेचं बघून दुसरी सुरू होते, तसं. तुर्कस्तानच्या विमान कंपनीच्या नावावर ‘टर्किश हेअरलाइन्स’ हा विनोद जगभर चालतो. मला तो त्या दिवशी विनोद वाटला नाही, प्रवासी यादी वाटली.

विसावं डोकं माझ्या शेजारी होतं. ते माझ्या भाच्याचं.

भाचा लंडनला असतो. वय ३४, नोकरी कॉम्प्युटरची, पगार सांगण्यासारखा, घर हप्त्यांवर पण स्वतःचं, पोळ्या गोल येतात. वधूवर मंडळाच्या फॉर्मात एवढं सगळं भरून झालं की शेवटी फोटोची चौकट यायची आणि तिथे गाडी अडायची. फोटो टोपीतला. स्कॉटलंडच्या डोंगरावरचा टोपीतला, क्रिकेटच्या मैदानावरचा टोपीतला आणि घरच्या सत्यनारायणाचाही टोपीतलाच. मुलीकडचे लोक काही खुळे नसतात.

टकलालाही इयत्ता असतात, हे मला याच निमित्ताने कळलं. १९५१ साली हॅमिल्टन नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने पुरुषांच्या टकलाची वर्गवारी केली आणि १९७५ साली नॉरवुड नावाच्या डॉक्टरने ती सुधारून पहिली ते सातवी अशी लावून दिली. कपाळाच्या दोन कोपऱ्यांतून केस मागे सरकायला लागले की दुसरी-तिसरी, शेंडीच्या जागी नाणं दिसायला लागलं की चौथी. भाचा पाचवीत होता. मी सातवी पास होऊन पंधरा वर्षं झाली.

आमच्या बहिणीचं म्हणणं, हे सगळं माझ्यामुळे झालं. टक्कल मामावरून येतं, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. ते खोडून काढायला म्हणून मी वाचायला बसलो आणि फसलो. टकलाशी संबंध असलेला एक महत्त्वाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो आणि मुलाला एक्स गुणसूत्र मिळतं ते आईकडून. म्हणजे मामावर संशय घ्यायला जागा आहे. बाकीचे पुष्कळ जनुक दोन्हीकडून येतात, वडीलही यात सामील असतात, हे पुढचं वाक्य मी तिला फोनवर वाचून दाखवणार होतो. पण तोवर ती ‘दादा, तू दिलंयस, तूच निस्तर’ एवढं बोलून फोन ठेवून मोकळी झाली होती. मी तेव्हा भाच्याकडे दोन महिने राहायला लंडनला गेलेलो. पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिसा असला की भारतीय माणसाला तुर्कस्तानचा व्हिसा घरबसल्या ऑनलाइन मिळतो. तो मिळाला. अशा रीतीने मामा बनवला गेला.

‘अरे, पण पुण्यात का नाही?’ हा प्रश्न मी विचारलाच. पुण्यात केस लावून देणाऱ्यांच्या पाट्या आता अमृततुल्यांना मागे टाकतील इतक्या झाल्यात. शिवाय स्वस्त. भाचा म्हणाला, ‘मामा, पुण्यात डोक्याला पट्टी बांधून सोसायटीत शिरलो, तर वर पोचेपर्यंत तीन काकू डबे घेऊन येतील.’ हे खरं होतं. लंडनमध्ये करावं, तर तिथला आकडा ऐकून उरलेले केसही गेले असते. इस्तंबूलला त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत, अडीच हजार युरोत, सगळं ‘पॅकेज’ होतं: शस्त्रक्रिया, तीन रात्री हॉटेल, सकाळचा नाश्ता, विमानतळावरून ने-आण, दुभाषी, औषधं, शाम्पू आणि ती नालेसारखी उशी. ‘चहा-नाश्ता-जेवणासह’ हे शब्द दिसले की मराठी माणूस यात्रेला निघतो. मग ती अष्टविनायकाची असो की केसांची. तुर्की लिरा गेल्या काही वर्षांत असा काही घसरलाय की युरो-पौंड घेऊन गेलेल्याला तिथे श्रीमंत झाल्यासारखं वाटतं. त्या श्रीमंतीतच माणूस चौकशा करायचं विसरतो.

आम्ही गेलो ते ऑक्टोबरात. दवाखान्याच्या पाटीवर तुर्कीत ‘साच एकिमी’ लिहिलं होतं. साच म्हणजे केस आणि एकिम म्हणजे पेरणी. ऑक्टोबर महिन्यालाही तुर्कीत एकिमच म्हणतात, कारण त्यांच्याकडे तो पेरणीचा. मुहूर्त तरी बरोबर साधला होता. रुग्णाला तिथे ‘हस्ता’ म्हणतात. तो शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मी भाच्याकडे बघितलं. तो अजिबात हसत नव्हता.

पेरणी म्हणत असले तरी खरं म्हणजे ती लावणी असते. भाताची, नाचायची नव्हे. नवा केस कोणी निर्माण करत नाही. डोक्याच्या मागच्या आणि बाजूच्या पट्ट्यातले केस टकलाला दाद देत नाहीत. सातवी झालेल्यालाही कानामागे झालर उरते ती त्यामुळे. तिथली रोपं एकेक करून काढायची आणि पुढच्या ओसाड वावरात खोचायची. १९३९ साली ओकुदा नावाच्या जपानी डॉक्टरने केसांसकट कातडीचे बारीक तुकडे लावण्याविषयी लिहून ठेवलं होतं, पण पुढे महायुद्ध पेटलं आणि ते कोणी वाचलं नाही. १९५२ साली न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइख यांनी ते टकलावर करून दाखवलं आणि सिद्ध केलं, की मागचा केस पुढे नेला तरी आपला मूळ स्वभाव सोडत नाही. पुण्याचा माणूस लंडनला नेला तरी दुपारी एक ते चार पडदे ओढून घेतो, त्यातलाच प्रकार.

यात एक ग्यानबाची मेख आहे आणि ती जाहिरातीत नसते. मागचं कोठार एकदाच भरलेलं असतं. एका डोक्यातून उभ्या आयुष्यात काढता येतील अशी रोपं साधारण पाच-सहा हजार, कोणाची थोडी जास्त, कोणाची कमी. एका रोपात एकापासून चारपर्यंत केस. काढलेल्या जागी पुन्हा उगवत नाही. तेव्हा ‘आमच्याकडे एका बैठकीत जास्तीत जास्त रोपं’ ही बढाई म्हणजे बियाण्यासकट सगळं धान्य दळून देणाऱ्या गिरणीवाल्याची बढाई. भाच्याचं वय ३४. वर उरलेले मूळचे केस पुढेही गळतच राहणार. औषधं चालू ठेवली नाहीत तर लावलेलं राहतं, मूळचं जातं आणि दहा वर्षांनी कपाळावर एक हिरवंगार बेट आणि मागे सगळा समुद्र असं दृश्य तयार होतं. ते बेट जोडायला पुन्हा रोपं लागतात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

पण शस्त्रक्रियेआधी नाश्त्याबद्दल सांगितलं पाहिजे. आमचं हॉटेल वरकरणी साधं, पण सकाळी जेवणघरात पाऊल टाकलं आणि मी दारातच थबकलो. एका बाजूला नाकवाले: चेहऱ्याच्या मध्यावर पांढरं प्लास्टर, डोळ्यांखाली निळी-जांभळी वर्तुळं. दुसऱ्या बाजूला दातवाले. हे शहाळ्याच्या पाण्यावर जगल्यासारखे मऊ मऊ पदार्थ गिळत होते आणि हसले की ट्यूबलाइट लागल्यासारखं व्हायचं. मधल्या टेबलांवर आमचे, केसवाले. कोपऱ्यात दोन बायका उभ्यानेच कॉफी पीत होत्या. त्यांचं काय केलं होतं हे भाच्याने कानात सांगितलं आणि मग त्या का बसत नाहीत हेही कळलं. कुरुक्षेत्रावर संध्याकाळी युद्ध थांबल्यावर दोन्ही सैन्यं एका पंक्तीला बसत असतील तर असंच दिसत असेल. गंमत म्हणजे कोणालाच लाज वाटत नव्हती. ज्या डोक्यांनी, नाकांनी आयुष्यभर लपाछपी खेळली, ती इथे उघड्यावर ऑलिव्ह खात होती.

माझ्या समोर लीड्सहून आलेली एक नाकवाली बाई बसली. तिने विचारलं, ‘तुम्ही कशासाठी?’ मी डोक्यावरून हात फिरवला. तिला वाटलं माझं अजून व्हायचंय. ‘मी सोबतीला. पुण्याहून,’ मी म्हटलं आणि नाकाचा विषय समोरच होता म्हणून सांगून टाकलं, ‘बाई, तुमचं नाक मूळचं आमचं.’ १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा गाडीवान टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. वर्षभर तो बिननाकाचा हिंडला. मग पुण्याजवळच्या एका कारागिराने, जो जातीने विटा करणारा, कुंभार असल्याचं लिहिलंय, त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक लावून दिलं. दोन इंग्रज डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहिलं आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ते चित्रासह छापून आलं. वीस वर्षांनी, १८१४ मध्ये, कार्प्यू नावाच्या लंडनच्या सर्जनने त्याच पद्धतीने पहिलं नाक बसवलं. म्हणजे सव्वादोनशे वर्षांपूर्वी हे ज्ञान पुण्याहून लंडनला गेलं आणि आता लंडनची माणसं ते विकत घ्यायला इस्तंबूलला येतात आणि मधे आम्ही कुठेच नाही. बाईंनी प्लास्टर सांभाळत मान डोलावली आणि विचारलं, त्या गाडीवानाला परतीचं विमान किती दिवसांनी मिळालं? प्रश्न योग्य होता. नाकाच्या शस्त्रक्रियेनंतर सात ते दहा दिवस विमानात बसू नये, रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असतो, असं डॉक्टर सांगतात. तिचं पॅकेज पाच दिवसांचं होतं.

दवाखान्यात पहिलं काम पैशाचं. उरलेली रक्कम रोख, युरोत. ती मी पुण्याहून शिवून नेलेल्या बंडीच्या चोरखिशात ठेवली होती. त्यामुळे त्या चकचकीत स्वागतकक्षात सदऱ्याची बटणं काढून मी पैसे देत असताना शेजारच्या जर्मन गृहस्थाला वाटलं की इथे छातीवरचेही लावतात. मग रक्ताची तपासणी. मग अकरा पानी इंग्रजी कागद, तेरा सह्या. मी बँकेत ३४ वर्षं लोकांना ‘वाचून सही करा’ म्हणत आलो आणि ते ऐकत नाहीत म्हणून वैतागत आलो. भाच्यानेही वाचलं नाही. मी वाचायला घेतलं तर दुभाषी मुलगी म्हणाली, ‘अंकल, डोन्ट वरी.’ मग तिला कळलं की मी आईचा भाऊ. ती एकदम खुलली. तुर्कीतही आपल्यासारखंच आहे: काका वेगळा, मामा वेगळा. काका म्हणजे ‘आम्जा’ आणि मामा म्हणजे ‘दायी’. त्या क्षणापासून सगळा दवाखाना मला ‘दायी, दायी’ म्हणायला लागला. आमच्या गावी दाई म्हणजे सुईण. म्हटलं, चला, इथं तेच काम आहे.

डॉक्टर आले. देखणे, उंच, स्वतःचे केस दाट. त्यांनी जांभळ्या पेनाने भाच्याच्या कपाळावर रेघ काढली. भाच्याला ती दोन बोटं खाली हवी होती, अठराव्या वर्षी होती तिथे. डॉक्टरांनी नकार दिला. म्हणाले, चाळिशीत अठराची रेघ वाईट दिसते आणि खाली आणायची तर रोपं जास्त जातात. हे त्यांचं बोलणं मला फार आवडलं. ते शेवटचं ठरलं. डॉक्टर दहा मिनिटांत गेले, ते थेट संध्याकाळी निरोपाच्या फोटोलाच उगवले.

मधले आठ तास काम केलं ते चार मुलींनी. त्यातल्या एकीचं वय विचारावंसं वाटलं, पण धीर झाला नाही. हात त्यांचे सफाईचे होते, यात वाद नाही. पण भूल देणं, मिलिमीटरभर रुंदीच्या पोकळ सुईने तीन-साडेतीन हजार छिद्रं पाडून रोपं काढणं, पुढे तेवढ्याच चिरा पाडणं, ही शस्त्रक्रिया झाली. मेंदी काढणं नव्हे. सोनारानेच कान टोचावेत असं आपल्याकडे म्हणतात, इथे सोनार रेघ काढून गेला होता. उगाच परक्या देशाला नावं ठेवायची नाहीत म्हणून हेही सांगतो, की आपल्याकडच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगालाही २०२२ साली लेखी बजवावं लागलं, की केसरोपण शिकलेल्या डॉक्टरानेच करावं आणि यूट्यूब पाहून शिकणं हे प्रशिक्षण धरलं जाणार नाही. असा नियम काढावा लागतो म्हणजे कोणीतरी ते करून बसलेलं असतं. २०१९ साली खुद्द मुंबईत एका व्यावसायिकाने एकाच बैठकीत नऊ हजारांवर रोपं लावून घेतली आणि दोन दिवसांत तो दगावला. ब्रिटिश सरकारच्या प्रवाससूचनांत तुर्कस्तानच्या पानावर लिहिलेलं होतं, की २०२३ मध्ये तिथे उपचार घेतल्यानंतर ६ ब्रिटिश नागरिक मरण पावले. ही सगळी माहिती मी भाचा आत असताना बाहेरच्या मऊ सोफ्यावर बसून वाचली. वाचायची वेळ चुकली.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली तेव्हा दार उघडं राहिलं आणि मला आतलं दिसलं. काचेच्या चपट्या वाट्यांत थंड द्रावणात रोपं ठेवलेली, दहा-दहाच्या ओळींत. माझं लहानपण संगमेश्वराकडे गेलं. आषाढात तरवा उपटायचा, मुळांची माती झटकायची, जुड्या बांधायच्या आणि त्या पाण्याबाहेर फार वेळ ठेवायच्या नाहीत, मान टाकतात. इथेही तेच. रोप शरीराबाहेर जितकं रेंगाळेल तितकं मरायला टेकतं. मग चिखलात इरली पांघरलेल्या बायका ओळीने वाकून रोपं खोचत मागे मागे सरकायच्या आणि कोणीतरी गाणं धरायची. इथे चौघी जणी एका डोक्यावर वाकलेल्या, हातात चिमटे आणि भिंतीवरच्या स्पीकरवर तुर्की गाणं. रोप सरळ खोचायचं नसतं, मूळ केसांच्या कलाने तिरपं खोचायचं; नाहीतर सगळे केस उभे राहतात आणि माणूस बाटल्या घासायच्या ब्रशासारखा दिसतो. माझी आजी तिथे असती तर तिने एकीला तरी ओरडून ‘अगो, दाट लाव’ म्हटलं असतं.

भाच्यासाठी चिकन-भात आला, मला मसुराचं सूप. ते मसुराच्या आमटीसारखंच लागतं, फक्त फोडणी द्यायची राहिलेली. भाच्याला विचारलं, दुखतंय का? म्हणाला, ‘पहिल्या पंधरा मिनिटांत, भुलेच्या सुया. नंतर फक्त आवाज येतो. भाजलेला पापड चुरल्यासारखा.’

संध्याकाळी कपडे घालायची वेळ आली आणि घोळ झाला. भाच्याने चार दिवसांसाठी सात टी-शर्ट आणले होते, सगळे गोल गळ्याचे. गळ्यातून टी-शर्ट घालायचा म्हणजे नुकतीच लावलेली तीन हजार रोपं घासून जायची. मुली ‘बटण! बटण!’ असं ओरडत आपल्या छातीवर बोटं दाखवायला लागल्या. मी काय समजायचं ते समजलो. लक्ष्मी रोडवरून घेतलेला माझा चौकटीचा अर्ध्या बाह्यांचा सदरा मी काढून दिला आणि स्वतः बंडीवर स्वेटर चढवून इस्तंबूलच्या थंडीत बाहेर पडलो. पुढचे तीन दिवस माझे सदरे त्याच्याच अंगावर. डोक्यावर अडीच हजार युरो आणि अंगावर साडेचारशे रुपये.

मधल्या दिवशी आम्ही शहर पाहिलं. पाहिलं म्हणजे, भाच्याने सावलीसावलीने पाहिलं. ऊन चालत नाही, टोपी चालत नाही, घाम चालत नाही, वाकणं चालत नाही. सहा मिनारांच्या निळ्या मशिदीत जायचं तर बूट काढावे लागतात. आता वाकायचं नाही आणि बुटांना तर नाड्या. मग मशिदीच्या अंगणात, शंभरेक प्रवाशांसमोर, मी भाच्याच्या पायाशी बसून त्याच्या नाड्या सोडल्या. तो वर आकाशाकडे बघत उभा, डोक्याभोवती काळा पट्टा, अंगावर माझा सदरा. एका जपानी बाईने फोटो काढला. लग्नात मामाने भाच्याला मांडवात आणायचं असतं एवढंच मला ठाऊक होतं. चहाच्या टपरीवरच्या म्हाताऱ्याने मात्र आम्हाला बघून पैसे घेतले नाहीत. त्यांच्या लोककथांचा एक लाडका नायक आहे, केलोलान. म्हणजे टकला पोरगा. गरीब, चतुर, आणि गोष्टीच्या शेवटी सुलतानाची मुलगी त्यालाच मिळते. भाच्याने विचारलं, ती गोष्ट वधूवर मंडळाला माहीत आहे का?

पहिली धुलाई तिसऱ्या दिवशी. फेस हातावर करून तो नुसता टेकवायचा, चोळायचं नाही. अंघोळ घालणाऱ्या मुलीने इतक्या हळुवारपणे पाणी सोडलं की सुईणीचं काम माझ्याकडून गेल्याचं मला थोडं वाईट वाटलं. त्याच दुपारी कपाळाला सूज आली आणि ती सूज खाली उतरते, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. अकरा पानांत असेल. लंडनला उतरेपर्यंत भाच्याचे डोळे मिटले होते. पासपोर्ट तपासणारा अधिकारी फोटोकडे बघायचा, मग समोरच्या भोपळ्याकडे. शेवटी एकच शब्द बोलला, ‘इस्तंबूल?’ आणि शिक्का मारून मोकळा झाला. त्याच्या टेबलापुढून दिवसाला असे किती भोपळे जात असतील.

खरी परीक्षा पुढे होती. मी पुण्याला परतलो आणि तिसऱ्या आठवड्यात रात्री दीड वाजता फोन: ‘मामा, गळले!’ दहा-बारा दिवसांत खपल्या पडतात आणि दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात लावलेले केसही गळून जातात, मुळं तेवढी आत राहतात. हे ठरलेलंच असतं. पण बाथरूमच्या जाळीवर युरो वाहून जाताना बघणं वेगळं. दवाखान्याच्या दुभाषी मुलीला मेसेज केला तर ‘नॉर्मल, माय डियर’ आणि तीन लाल हृदयं आली. दुसऱ्या महिन्यात पुळ्या झाल्या तेव्हा हृदयं एकवर आली होती. चौथ्या महिन्यात नंबर बदलला होता. लंडनच्या डॉक्टराने पुळ्यांना औषध दिलं, पण बाकीचं ‘ज्यांनी केलं त्यांना विचारा’ म्हणून हात वर केले. त्या चार महिन्यांत भाचा जाण्यापूर्वीपेक्षा वाईट दिसत होता. बहीण रोज मला विचारायची, ‘दादा, आले का?’ जणू मी पुण्यातून पाणी सोडतोय. पी हळद आणि हो गोरी, हे या धंद्याच्या प्रत्येक फोटोत लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात पहिले कोंब फुटले ते चौथ्या महिन्याच्या शेवटी, तेही वाकडे, बाळाच्या जावळासारखे. डोक्याला डोकं म्हणावं असं व्हायला वर्ष गेलं.

आता चांगलं झालंय, खोटं कशाला बोलू. पुढून बघितलं तर वाटतं, जन्मजात आहेत. मागून, उन्हात, जवळून बघितलं तर कसर लागलेल्या शालीसारखं दिसतं, कारण मुलींनी हात जरा सैल सोडून काढलं. केस मागे वाढवले की झाकतं. रोज गोळी, रोज डोक्याला औषध, हे बहुधा कायमचं. टोपी त्याने मला दिली.

स्थळांकडून केसांबद्दल आता काही येत नाही. आता उंची विचारतात. भाचा पाच फूट पाच इंच आहे. इस्तंबूलमध्ये मांडीचं हाड कापून, दिवसाला मिलिमीटरभर ताणत उंची वाढवून देणारे डॉक्टरही आहेत, असं बहिणीला कुठूनतरी कळलं आहे. उंचीसुद्धा मामावरूनच येते असं तिचं म्हणणं. मी तिचे फोन घेणं बंद केलंय.

तुम्ही कोणी केसांसाठी जाणार असाल तर एवढंच बघा. छिद्रं कोण पाडणार, त्याचं नाव आधी लिहून घ्या आणि ते नाव डॉक्टरचं आहे ना हे तपासा. आणि टी-शर्ट नेऊ नका. बटणांचे सदरे न्या. मोजून न्या, बरोबर मामा असेल तर त्याच्यासाठीही.